गाठ बसंना

आत्या नऊवारी नेसतात. आमच्या भावकीत आता तीन-चारच जणी उरल्यात नऊवारीवाल्या, त्यातल्या त्या एक. पहाटे अंघोळ करून येतात, कमरेला पहिली गाठ मारतात, मग निऱ्या, मग कासोटा. दोन मिनिटांत लुगडं अंगावर. लग्न होऊन आल्यापासून बघतेय, त्यांना त्या गाठीकडं बघावंही लागत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "गाठ बसंना गं आज. प्वाट फुगल्यासारखं झालंय."

मी म्हणाले, "रात्री घेवड्याची आमटी खाल्लीत ना, आत्या." आणि शाळेची गाडी पकडायला पळाले.

हे लिहायला मला वर्ष लागलं, ते त्या एका वाक्यामुळं.

त्या माझ्या सासूबाई, पण माझ्या वडिलांची चुलतबहीण, म्हणून लग्नाआधीपासूनच आत्या. सासऱ्यांना मी मामा म्हणते. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. घरी आल्याची शेती, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आत्या तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या आणि आलं काढायला बायकांच्या पुढं त्याच असायच्या.

खरं तर दिवाळीपासूनच सगळं सुरू झालं होतं. दिवसातून चार-पाच वेळा जायच्या आणि दर वेळी थोडंसंच व्हायचं. मला कळलं ते संडासच्या दाराच्या आवाजावरून, त्यांनी सांगितलं म्हणून नाही. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं." खूप मागे लागल्यावर एकदा हळू आवाजात सांगितलं, "दोरीवानी हुतंय. बारीक." रक्तही पडायचं अधूनमधून. पण मूळव्याध त्यांना बाळंतपणापासूनची, त्यामुळं रक्ताचा खुलासा त्यांच्याकडं तयारच होता. आणि त्या पिढीच्या बायका ह्या विषयावर बोलत नाहीत. सुनेशी नाही, मुलाशी तर नाहीच, नवऱ्याशीही नाही. परसाकडं जाणं ही गोष्ट अंधारातच करायची, असं आयुष्य गेलेलं.

डिसेंबरात दम लागायला लागला म्हणून तालुक्याला एका डॉक्टरांकडं नेलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी शौच काळी होते आणि पोट बांधल्यासारखं होतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. झालं, पुढं जे काही दिसलं ते सगळं आम्ही गोळ्यांच्या नावावर टाकलं. पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं रक्त कमी होतंय तर ते जातंय कुठं, हा साधा प्रश्न त्या डॉक्टरांनी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. मी विज्ञान शिकवते.

गाठ न बसल्याच्या तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं झालं. चार दिवस शौच नाही, वारा सरत नाही. मामांनी कपाटातलं एरंडेल काढलं आणि मी ते चहात घालून दिलं. दुसऱ्या दिवशी चूर्ण दिलं, वर कोमट पाणी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडं घरोघरी हेच करतात. साध्या बद्धकोष्ठाला ते चालत असेल. पण आतडं पुढं बंद झालेलं असताना जुलाबाचं औषध देणं म्हणजे पुढचं दार बंद आणि मागून माणसांचा रेटा. त्या रात्री आत्यांना ज्या कळा आल्या त्या मी बाळंतिणीच्याही पाहिल्या नाहीत. कळ यायची, पोटावर काहीतरी सरपटल्यासारखं दिसायचं, मग दोन-चार मिनिटं शांत, पुन्हा कळ. एक वाजता हिरवी उलटी झाली. आम्ही गाडी काढली.

साताऱ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, वारा सरतोय का?" आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "नाही, दोन दिवस झाले." त्यांनी आणखी विचारलं: शौच बारीक होत होती का, वजन उतरलं का, रक्त पडत होतं का. मी एकेकाला होय म्हणत गेले आणि प्रत्येक होय म्हणताना माझे पाय गळत गेले.

एक्स-रेमध्ये आतडं हवेनं भरलेलं दिसत होतं, काळ्या उशा एकावर एक रचल्यासारखं. पहाटे सीटी स्कॅन झाला. मोठ्या आतड्याच्या डाव्या शेवटच्या वळणात, ज्याला सिग्मॉइड म्हणतात, साडेचार सेंटीमीटर लांबीची गाठ. तिनं आतड्याला आतून गोल वेढा घातलेला. सर्जननी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं: सफरचंद चहूबाजूंनी खाऊन मधला गाभा उरावा तसा एक बारीक रस्ता, तोही आता बंद. यकृतात डाग नव्हते, म्हणजे कॅन्सर तिथवर पोचलेला दिसत नव्हता.

मग त्यांनी एक गोष्ट समजावली ती मला आजही जशीच्या तशी आठवते. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं एक झडप असते. ती घट्ट असली की मोठ्या आतड्यातली हवा मागंही येऊ शकत नाही. पुढं गाठ, मागं झडप. आतडं दोन्हीकडून बंद आणि मध्ये फुगत राहणारं. सगळ्यात जास्त ताण येतो उजवीकडच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागावर. तो ९ ते १२ सेंटीमीटरच्या पुढं गेला की फुटायची भीती. आत्यांचा साडेआठ होता.

"फुटलं तर?" ह्यांनी विचारलं.

"तर शौच पोटभर पसरेल. मग गोष्ट कॅन्सरची राहत नाही, आजच्या रात्रीची होते."

नाकातून नळी घातली, त्यातून दीड लिटर हिरवं-तपकिरी पाणी निघालं. सलाईन, लघवीची नळी. आत्या थोड्या शांत झाल्या. सर्जन आम्हाला बाहेर घेऊन आले.

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, लगेच पोट उघडायचं, गाठीचा भाग काढायचा, खालचं टोक शिवून बंद करायचं आणि वरचं टोक पोटावर आणून तिथं शौच जमा व्हायला पिशवी लावायची. हार्टमनची शस्त्रक्रिया म्हणतात हिला, फ्रान्सच्या ऑन्री हार्टमन यांनी १९२१ साली सांगितलेली, आणि शंभर वर्षांनंतरही अशा रात्री माणसं वाचवते. पिशवी नंतर दुसऱ्या ऑपरेशननं काढता येते, पण वयस्क माणसांत कित्येकांची ती राहूनच जाते. दुसरी वाट, गाठीला आज हातच लावायचा नाही, फक्त वरच्या आतड्याचं तोंड पोटावर काढून सगळं मोकळं करायचं आणि काही आठवड्यांनी गाठीचं बघायचं. तिसरी वाट त्यांच्याकडं नव्हती. गुदमार्गानं दुर्बीण घालून गाठीच्या मधून धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायचा. आतडं त्या वाटेनं रिकामं होतं, माणूस सावरतो आणि दोनेक आठवड्यांनी व्यवस्थित तयारी करून पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करता येते. त्यासाठी पुण्याला जावं लागलं असतं.

"आत्ताच दुर्बिणीनं का नाही करता येत?" मी विचारलं. माझ्या मनात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे सोपं ऑपरेशन, एवढंच होतं.

ते म्हणाले, "मॅडम, आल्याच्या पोत्यांनी छतापर्यंत भरलेल्या खोलीत तुम्ही झाडू मारू शकाल का?"

आमचं आल्याचं आहे हे त्यांना फॉर्मवरून कळलं असावं. पण त्या एका वाक्यानं मला सगळं समजलं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, त्या जागेत कॅमेरा आणि हत्यारं फिरतात. आतडीच फुगून पोट भरलेलं असेल तर जागा कुठून आणणार? शिवाय फुगलेल्या आतड्याची भिंत पातळ झालेली असते. चिमट्यानं धरली की फाटते. काही ठिकाणी अगदी निष्णात हात तातडीतही दुर्बीण वापरतात, पण निवडक रुग्णांत. बहुतेकांसाठी आधी पोट रिकामं व्हावं लागतं.

धोकेही त्यांनी लपवले नाहीत. स्टेंट बसवताना आतडं फुटू शकतं. तसं झालं तर मोठं ऑपरेशन लागेलच, वर कॅन्सरच्या पेशी पोटात सांडण्याची भीती. आतडं फुटायच्या बेतात असेल, पोट कडक असेल, तर ह्या वाटेला जायचंच नाही. आत्यांचं पोट मऊ होतं, नाडी नळीनंतर उतरली होती, रक्तात संसर्गाची खूण नव्हती. "जाऊ शकता," ते म्हणाले, "पण आत्ता निघा. आणि वाटेत ताप आला किंवा पोट दगडासारखं झालं तर पहिल्या मोठ्या दवाखान्यात थांबा, पुण्याचा हट्ट धरू नका." त्यांनी स्वतः पुण्याला फोन लावला आणि स्कॅन मोबाइलवर पाठवला. स्वतःकडचा पेशंट दुसरीकडं चांगल्या वाटेला लावणारा डॉक्टर भेटणं हे आमचं भाग्य. त्यांचं नाव लिहीत नाही, पण देवाच्या नावाबरोबर घरात त्यांचं नाव निघतं.

सकाळी आठला रुग्णवाहिका निघाली. खंबाटकीच्या घाटात मी सबंध वेळ आत्यांच्या पोटावर तळहात ठेवून बसले होते, कडक होतंय का बघत.

पुण्यात दुपारी एक वाजता त्यांना आत घेतलं. वरून एक्स-रेचं यंत्र, खालून दुर्बीण. आधी गाठीतून केसासारखी तार पलीकडं घालतात, मग त्या तारेवरून बंद छत्रीसारखा मिटलेला स्टेंट सरकवतात आणि जागेवर मोकळा करतात. निटिनॉल नावाच्या मिश्रधातूची जाळी असते, शरीराच्या उबेनं ती हळूहळू उघडते, पुरती उघडायला एक-दोन दिवस घेते. चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "तार गेली. जाळी बसली. आता वाट बघायची."

संध्याकाळी सातच्या सुमारास वाट मोकळी झाली. सगळी एकदमच. अंथरूण, चादर, आत्यांचे पाय, सगळं. वॉर्डभर वास. आत्या रडायला लागल्या. दुखत होतं म्हणून नाही, लाजेनं. मला ढकलत होत्या, "तू नगं हात लावू, तू नगं." वॉर्डातल्या मावशी कोमट पाण्याची बादली घेऊन आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आजी, रडताय कशाला? ह्याच्यासाठीच तर तुमच्या माणसांनी देव पाण्यात घातले होते."

मी आणि मावशींनी मिळून त्यांना पुसलं. चौदा वर्षांच्या संसारात मी आत्यांचा पाय उघडा पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मला करू दिलं. त्यानंतर आमच्यात काही लपवण्यासारखं राहिलं नाही, आणि पुढचं सगळं निभावलं ते त्यामुळंच असं मला वाटतं.

स्टेंट आणि ऑपरेशन ह्यांच्यामध्ये सोळा दिवस गेले. पहिले चार दवाखान्यात, बाकीचे पुण्यात ह्यांच्या मावसभावाच्या घरी. लोकांना वाटतं मधला काळ म्हणजे नुसतं थांबणं. आमच्यासाठी तोच सगळ्यात कामाचा काळ ठरला. लोहाची काळपट सलाईन दोनदा दिली. जाळीत अडकू नये म्हणून चोथा बंद: पालेभाजी नाही, मक्याचं कणीस नाही, साल-बिया नाहीत, भाकरीचा पापुद्राही नाही. मऊ भात, ताक, अंडी, मुगाच्या डाळीचं वरण. तीन रंगीत चेंडूंचं श्वासाचं यंत्र दिलं होतं, त्यात तिसरा चेंडू वर जाईपर्यंत आत्या श्वास ओढत राहायच्या. सकाळ-संध्याकाळ सोसायटीत फेऱ्या. सीईए नावाची, ह्या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारी, रक्ताची तपासणी केली. ५ च्या खाली असावी, ती १४.६ होती.

आणि मी वाचत होते. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर. कॅन्सरला दुर्बीण चालते का, भोकांतून काढताना पेशी सांडत नाहीत का, ही माझी खरी भीती. वाचल्यावर कळलं की ही भीती डॉक्टरांनाही होती. आपल्या देशात दुर्बिणीनं पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० साली. खासगी पंचतारांकित ठिकाणी नाही, सरकारी दवाखान्यात, गरिबांच्या पोटावर, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याच वर्षी अमेरिकेत मायामीला मोईसेस जेकब्स यांनी दुर्बिणीच्या मदतीनं मोठं आतडं काढलं. पण पुढं काही रुग्णांत भोकांच्या जागीच गाठी उगवल्याच्या नोंदी आल्या आणि सगळे सावध झाले. २००४ साली अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: पोट उघडून काढा की दुर्बिणीनं, कॅन्सर परत येण्याच्या प्रमाणात फरक नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग खाली वाचलं की आतडं बंद पडलेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे आत्यांसारख्या बाईचं उत्तर त्यात नव्हतंच.

स्टेंटबद्दलही तसंच. युरोपातल्या दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं होतं की बरं होण्यासारख्या रुग्णांत स्टेंट सरसकट वापरू नका. २०२० मध्ये त्यांनीच मत सुधारलं: रुग्णाशी बोलून, दोन्ही बाजू सांगून, हा पर्याय ठेवता येईल, आणि साधारण दोन आठवड्यांनी ऑपरेशन करा. ब्रिटनमध्ये २४५ रुग्णांवर क्रेस्ट नावाची चाचणी झाली. स्टेंट लावलेल्यांत पिशवी लागण्याचं प्रमाण कमी निघालं आणि तीन वर्षांत कॅन्सर उलटण्यात फरक दिसला नाही. हे मी सर्जनना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर वाचलंत. पण आतडं न फुटता स्टेंट बसला, ही ह्यातली अर्धी लढाई होती, आणि ती तुम्ही जिंकून आलात." उजव्या बाजूची गाठ असती तर हा प्रश्न एवढा आला नसता, तिथं बहुतेकदा लगेच काढून जोडता येतं, हेही त्यांनीच सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर आल्या. पिशवी लावायची वेळ आलीच तर कुठं लावायची, त्याची जागा आधी ठरवतात. त्यांनी आत्यांना गाऊनवर बसायला सांगितलं, उभं राहायला सांगितलं, वाकायला सांगितलं. मग विचारलं, "आजी, घरी काय नेसता?" आत्या म्हणाल्या, "लुगडं." सिस्टर म्हणाल्या, "मग लुगडं नेसूनच दाखवा."

मी पिशवीतून लुगडं काढून दिलं. आत्यांनी दवाखान्याच्या त्या खोलीत, पडदा ओढून, गाठ मारली. गाठ बसली. पोट उतरलं होतं ना. सिस्टरनी गाठ कुठं येते, निऱ्यांचा जाड भाग कुठं दाबतो, कासोटा मागं खेचला की कापड कुठं ताणतं, हे सगळं हातानं चाचपून बघितलं आणि पेननं दोन फुल्या केल्या, एक गाठीच्या वर, एक बाजूला. "इथं आली तर तुमचं लुगडं सुटणार नाही." पिशवीला आत्या मनातून फार भीत होत्या. त्या दोन निळ्या फुल्यांनी त्यांची भीती अर्धी केली. मोठमोठ्या यंत्रांबद्दल मी एवढं लिहिलं, पण त्या सिस्टरनं एका म्हाताऱ्या बाईला लुगडं नेसून दाखवायला सांगितलं, ही गोष्ट मला त्या सगळ्याहून मोठी वाटते.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. पाच भोकं. मामा बाहेर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते, चहासुद्धा नको म्हणाले. आत काय केलं ते सर्जननी नंतर कागदावर काढून समजावलं. नुसती गाठ नाही काढत, तिला रक्त देणारी मुख्य रक्तवाहिनी मुळाशी बांधून तिच्या भोवतीच्या चरबीतल्या, कॅन्सर जिथं आधी पसरतो त्या लसीकाग्रंथींसकट सगळा पंखा काढतात. त्याच्याच मागून डाव्या मूत्रपिंडाची नळी जाते, ती आधी शोधून बाजूला ठेवायची. मग वरचं आतडं प्लीहेजवळून सोडवून खाली आणायचं, म्हणजे जोड ताणला जात नाही. सिझेरियनच्या जागी सहा सेंटीमीटरची एक चीर, तिच्या कडांना प्लास्टिकची बाही लावलेली, म्हणजे बाहेर येताना गाठ जखमेला शिवत नाही. मला ज्याची भीती होती त्याचं उत्तर ती बाही होती. गोल स्टेपलर खालून घालून दोन्ही टोकं जोडतात. शिरेतून हिरवा रंग सोडून खास कॅमेऱ्यातून बघतात, जोडाला रक्त पोचतंय ना. आणि शेवटी ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात, बुडबुडे येतात का बघायला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो तसंच. बुडबुडे आले नाहीत. पिशवी लागली नाही.

मध्येच आम्हाला दाराशी बोलावून ट्रे दाखवला. वीतभराहून थोडं जास्त आतडं, मधून उभं चिरलेलं. त्यात ती जाळी, आणि जाळीच्या चौकटींतून वर आलेलं करडं-तांबूस मांस, दोन सुपाऱ्या शेजारी ठेवाव्यात एवढं. ह्यांनी मान फिरवली. मामा मात्र पुढं झाले, चष्मा सरसा केला, बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्याशानं?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना उभं केलं. पोटापेक्षा त्यांचा उजवा खांदा जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या वायूचा राहिलेला अंश वर छाती-पोटामधल्या पडद्याला लागतो आणि दुखतं खांद्यात, दोन दिवसांत जातं. आम्हाला आधी सांगितलं नसतं तर मी हृदयाचा झटका समजून वॉर्ड डोक्यावर घेतला असता. पहिल्या आठवड्यात जोड गळण्याची भीती जास्त असते, म्हणून ताप, नाडी, पोट सारखं बघत होते. तिसऱ्या दिवशी आत्यांनीच सिस्टरना हाक मारून, शेजारच्या दोन पेशंटना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सांगितलं, "वारा सरला बरं का." सातव्या दिवशी आम्ही निघालो.

रिपोर्ट दहा दिवसांनी आला. निदान बारा ग्रंथी तरी तपासायला मिळाव्यात असा नियम, त्यांना सतरा मिळाल्या. दोनांत कॅन्सर होता. तिसरी पायरी. घरात पुन्हा सुतकासारखं झालं. पण पूर्वी ह्याला सहा महिने केमो द्यायचे, आता आत्यांच्या प्रकारात तीन महिन्यांवर भागतं. जगभरच्या सहा चाचण्यांमधले बारा हजारांहून जास्त रुग्ण एकत्र मोजून २०१८ मध्ये ते ठरलं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून ऑक्सॅलिप्लाटिन, आणि घरी चौदा दिवस कॅपेसिटाबीनच्या गोळ्या. चार फेऱ्या.

केमोचं फार लिहीत नाही. एकच सांगते. त्या औषधानं गार सहन होत नाही. गार भांड्याला हात लागला की बोटांत मुंग्या आणि चटके, गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा. आणि फेऱ्या सुरू झाल्या एप्रिलमध्ये. आमच्या माठात आत्या वाळा घालतात, दर उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्यातही घातला, आमच्यासाठी. स्वतः थर्मासमधलं कोमट पाणी पीत माठाकडं बघत बसायच्या. जूनच्या अखेरीला शेवटची फेरी झाली. मुंग्या पुरत्या जायला दिवाळी उजाडली. दिवाळीनंतर एके दुपारी त्यांनी माठातलं भांडंभर पाणी उभ्यानंच प्यायलं.

आतडं बंद असताना गाठीच्या पलीकडचं दुर्बिणीला दिसत नाही, म्हणून काही महिन्यांनी उरलेलं सगळं आतडं पुन्हा तपासावं लागतं. ते जुलैत केलं, आठ मिलिमीटरचा एक कोंब सापडला, तिथल्या तिथं काढला. असाच एखादा कोंब वर्षानुवर्षं वाढत गाठ होतो. आमच्याकडं आशाताई तिशीच्या पुढच्यांना कॅन्सरच्या सरकारी तपासणीसाठी विचारायला येतात, त्या तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख असतं. आतडं नसतं. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी साधी तपासणी असते, ती आपण होऊन मागावी लागते. डिसेंबरात आत्यांच्या रक्ताबरोबर ती झाली असती तर, हा विचार मी रोज करते.

सख्ख्या नात्यात असेल तर चाळिशीपासून दुर्बिणीनं आतडं बघून घ्यायचं, असं सर्जननी निघताना ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी आठ महिने लावले, पण केलं. काही निघालं नाही. राहिल्या ठाण्याच्या वन्सं. वय त्रेचाळीस. त्यांना दोन वर्षं मूळव्याधीचं मलम चालू आहे, कुणी आत बघितलेलं नाही. मी तीनदा बोलले, त्यांनी विषय बदलला.

परवा आत्यांनीच फोन लावला. अंगणात, आलं निवडत बसलेल्या बायकांसमोर, फोन कानाला लावून. "रगात लाल का काळं? आणि बारीक हुतंय का? दोरीवानी? मला सांग, लाजू नगं, म्या तुझी आई हाय." बायकांचे हात थांबले होते. दोघीतिघी नंतर आत्यांच्या जवळ सरकून बसल्या आणि हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या.

वन्सं येत्या गुरुवारी जाणार आहेत. आत्या बुधवारी दुपारच्या एसटीनं निघतील. जुलाबाचं पाणी रात्रभर प्यायचं असतं, पोरगी एकटी घाबरेल म्हणतात.